सही करण्याआधी: लेकीच्या वाट्याची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वही बंद झाली, आणि एका मैत्रिणीनं पिशवीतून एक कागद काढला. तिचे वडील जाऊन तीन महिने झाले होते. भाऊ म्हणाला होता, "ताई, वारसनोंद करायचीय, तेवढी सही दे." कागद वाचला तर ते हक्कसोडपत्र होतं. वारसनोंदीत सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्कसोडपत्रानं आपलं नाव आपणच काढून टाकतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ती म्हणाली, "सही नाही केली तर दिवाळीला माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?" कुणीच बोललं नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या जणींनी अशी सही केव्हाच केलेली आहे. म्हणून आज ठरवलं, लेकीचा वाटा कुठून कुठवर आला, ती गोष्ट सांगायची.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करत होता. त्याच्या काळात विज्ञानेश्वर नावाच्या पंडितानं 'मिताक्षरा' हा ग्रंथ लिहिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच, हा नियम त्यातला. मुलीला मात्र तसा हक्क नाही. तिचं पालनपोषण करायचं, लग्न लावून द्यायचं, तिचं स्त्रीधन तिचं. आपल्या गावात आजही "तिच्या लग्नात खर्च केला की, झाला तिचा वाटा" असं म्हणतात, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

पण त्याच ग्रंथात स्त्रीधनाचा अर्थ बराच मोठा आहे. वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं, सगळं त्यात धरलं आहे. पुढे इंग्रजी अमलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हा अर्थ पुष्कळ आवळला. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'व्यवहारमयूख' लिहिला. त्यांचं घराणं मूळ पैठणचं, काशीत स्थायिक झालेलं. त्यांनी बहिणीलासुद्धा वारसांच्या रांगेत जागा दिली. म्हणजे "आपल्यात पहिल्यापासून असंच आहे" हे म्हणणं काही खरं नाही. रीत प्रत्येक काळात थोडी थोडी बदलत आली आहे.

विधवेची गोष्ट आणखी कठीण होती. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला, तोही फक्त हयातीपुरता. तिनं तो सांभाळायचा, खायचा. मनाप्रमाणे विकायचा नाही की कुणाला लिहून द्यायचा नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल आणलं. मुलीला वारसा आणि बाईला पूर्ण मालकी, या गोष्टींवरून केवढा गदारोळ झाला! लेकी वाटा मागू लागल्या तर घरं फुटतील, असं मोठमोठे लोक बोलत होते. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यांतला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला.

या कायद्यानं बाईच्या मालकीला पहिल्यांदा 'पूर्ण' हा शब्द लावला. मुलगी वडिलांच्या वाट्याची वारस झाली. पण जन्मापासूनचा हक्क मुलाकडेच राहिला. हिशेब करून बघू. वडिलोपार्जित जमीन ४ एकर, आई आधीच गेलेली, एक मुलगा, एक मुलगी. वडील वारले. आधी बाप-लेकाची वाटणी धरायची: दोघांचे दोन-दोन एकर. मग वडिलांचे दोन एकर बहीण-भावात निम्मे. भावाकडे तीन एकर, बहिणीकडे एक.

हे बदलायला आणखी अर्धं शतक गेलं. मधल्या काळात शेतकरी बायकाही बोलू लागल्या. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: जिनं जन्मभर रानात राबून घर उभं केलं, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. अनेक गावांत पुरुषांनी तसं केलं. १९९२ साली सरकारनंही परिपत्रक काढून सातबारावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची वाट मोकळी केली.

२२ जून १९९४ पासून महाराष्ट्रानं लेकीला जन्मापासूनचा हक्क दिला. पण त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. एकाच घरात धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही, अशी गत झाली. ९ सप्टेंबर २००५ ला देशभराचा कायदा बदलला आणि लग्नाची अट गेली. तरी वाद राहिला: वडील त्या तारखेआधी वारले असतील तर काय? ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हक्क जन्मानं आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदलेली वाटणी मोडत नाही.

आता त्याच ४ एकरांचा हिशेब करा. वडील, मुलगा, मुलगी यांचे तीन सारखे वाटे. वडिलांचा वाटा दोघांत निम्मा. दोघांकडे दोन-दोन एकर.

मग मृत्युपत्राचं काय? वडिलांनी स्वतः कमावलेलं ते कुणालाही लिहून देऊ शकतात. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र फक्त स्वतःचा वाटा. लेकीचा वाटा त्यांना मृत्युपत्रानं कुणाला देता येत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या संहितेपासून वेगळी रीत आहे. तिथं साधारण निम्मी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते, मुलगा-मुलगी सारखे, आणि मृत्युपत्रानं ती सहसा काढून घेता येत नाही. मुसलमान कायद्यातही वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. ज्या कायद्याची गोष्ट मी सांगितली, तो हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. ख्रिस्ती बहिणींचा कायदा वेगळा आहे. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागत नाही, त्यांनी जाणकाराला विचारावं.

आपणही मृत्युपत्र लिहू शकतो, हे आपल्या ध्यानातच नसतं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, जिवंत असेपर्यंत बदलता येतं. हिंदू कायद्यात मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतः कमावलेलं आधी सासरच्या वारसांकडे जातं. म्हाताऱ्या आईला तिनं जन्मभर सांभाळलं असलं तरी. आईला द्यायचं असेल तर लिहूनच ठेवावं लागतं.

आता न्यायाचं बोलू. आई-बापांचं दुखणं-खुपणं भावानं आणि भावजयीनं काढलं असेल, कर्ज त्याच्या डोक्यावर असेल, तर वाटणीच्या वेळी त्याचा विचार झालाच पाहिजे. कुणी समजून-उमजून भावाला वाटा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण सोडायला आधी तो आपला आहे हे ठाऊक हवं. आणि एक गोष्ट आपण बायांनी एकमेकींत कबूल करू. बहीण म्हणून आपण रडत सही करतो, आणि भावजय म्हणून नणंदेची सही कधी होते त्याची वाट बघतो. मग आई म्हणून मुलाच्या नावानं सगळं लिहून ठेवतो. ही साखळी आपल्याही हातातून जाते.

त्या मैत्रिणीनं भावाकडं आठ दिवस मागितले. वारसनोंदीला तिची हरकत नव्हती, नाव लागू दे म्हणाली. हक्कसोडपत्र तसंच तिच्या पिशवीत आहे. भाऊ दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला: "वन्सं, माझ्या माहेरच्या जमिनीचं काय करायचं, तेही तुमच्या गटात विचारून सांगा ना."

पुढच्या बैठकीला आम्ही दोघींचे सातबारे मागवले आहेत. तुमच्याही गटात येत्या महिन्यात हप्त्यांची वही मिटली की माहेरचा सातबारा काढून बघा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते.