तळटीप ७ : ब्राँझची दारे

विद्यापीठांच्या युद्धस्मारकांना अशी कोरीव दारे बसवायची प्रथा प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतली. ‘कोरीव’ हा लेखकाचा शब्द सैल आहे. शिल्प आधी मेणात किंवा मातीत घडते, त्याचा साचा होतो आणि त्यात तांबे-कथलाचा रस ओततात. छिन्नी चालते ती शेवटी, सफाईपुरती. घिबर्तीने फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी केलेली दहा चौकटींची दारे (१४२५–५२) हा पुढच्या बहुतेकांचा आदर्श.

लेखकाला ही दारे नवलाची वाटली, याचे मात्र नवल वाटते. त्याच्यासारख्या नातेपुत्याच्या माणसाला चौकटीचौकटींतून सांगितलेले रणमरण परके नसावे. आपला वीरगळ तेच करतो, आणि दगडात. तो खालून वर वाचायचा: तळाशी पडलेला वीर, त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. शेजारी चंद्र-सूर्य असतात, म्हणजे कीर्ती ते असेपर्यंतची. तळाशी गाई दिसल्या तर तो गोधन राखताना पडला. विद्यापीठांच्या स्मारकांवर नावांच्या याद्या असतात. आपल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. पुण्याच्या १९९८ मधील राष्ट्रीय युद्धस्मारकावर मात्र नावे आहेत.

ज्ञानोबांच्या पालखीबरोबर नातेपुते, माळशिरस करत वेळापूरच्या मुक्कामी पोचलात, तर अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळातले वीरगळ अवश्य पाहावेत. शेंदूर किंवा तेल लावू नये, बारकावे बुजतात.

— संपा.