सोबत्यांच्या देखत शिकवणे : नागपूर परिसरातील सरावपाठाचा इतिहास

शिक्षक होऊ पाहणाऱ्या उमेदवाराने शाळेतल्या खऱ्या वर्गावर, आपल्या सहाध्यायांच्या देखत घेतलेला पाठ म्हणजे सरावपाठ. एक जण फळ्यापुढे उभा असतो, मागच्या बाकांवर बसलेले सोबती निरीक्षणवहीत नोंदी करतात, आणि तास संपला की सगळे मिळून त्या पाठाची चिकित्सा करतात. अध्यापक विद्यालयांत आज नेहमीची वाटणारी ही पद्धत घडायला दीड शतकाहून अधिक काळ लागला. नागपूर आणि त्याच्या शेजारचा वर्धा जिल्हा यांनी तिच्या जडणघडणीतले महत्त्वाचे टप्पे पाहिले आहेत.

नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात मुलांचे शिक्षण पंतोजींच्या शाळांतून होई. शाळा ओसरीवर किंवा देवळात भरे आणि एकाच पंतोजीकडे वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसत. धुळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचणे, पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करणे हा अभ्यासाचा गाभा होता. सगळ्यांकडे पंतोजीला एकट्याने लक्ष देता येत नसे. त्यामुळे पुढे गेलेला मुलगा पाढा सांगे आणि धाकटी मुले त्याच्यामागून म्हणत. मोठ्याने धाकट्याला शिकवण्याची ही रीत देशाच्या अनेक भागांत होती. मद्रासजवळच्या एग्मोर येथील सैनिकी अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी मलबारी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणण्याचे ठरवले. हाताखालच्या शिक्षकाने टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी हे काम जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यावर सोपवले, आणि त्याने ते यशस्वी करून दाखवले. बेल यांनी १७९७ मध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये प्रसिद्ध केला. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनीही अशाच पद्धतीच्या शाळा चालवल्या. १८२० च्या दशकात हीच पद्धत नव्या व्यवस्थेचा भाग बनून मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत परत आली.

मात्र धाकट्यांना शिकवणारा मोठा मुलगा स्वतः शिकवायला शिकत नसे. त्याला येत असलेला पाढा तो पुढे देई, एवढेच. शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि तेही शिकावे लागते, हा विचार सरकारी धोरणात ठळकपणे आला तो १८५४ च्या वूडच्या खलित्याने. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलांची शिफारस त्यात होती. त्याच सुमारास नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. नव्या प्रांतात शिक्षण खाते उभे राहिले आणि गावोगावच्या शाळांसाठी गुरुजी तयार करण्याकरिता नॉर्मल स्कुले निघाली. प्रांत दुभाषी होता. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या जिल्ह्यांत मराठी चाले, तर जबलपूर, रायपूरकडे हिंदी. त्यामुळे गुरुजींचे प्रशिक्षणही दोन्ही भाषांतून करावे लागे.

नॉर्मल स्कुलाला जोडून सरावशाळा ठेवण्याची प्रथा होती, आणि सरावपाठाला त्याचे ठरीव रूप मिळाले ते अशाच संस्थांत. पुढे त्यावर जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या विचारांची छाप पडली. त्यांच्या अनुयायांनी बसवलेली ‘पंचपदी’, म्हणजे पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन, ही पाठाच्या टाचणाची चौकटच बनली. आधी अनुभवी शिक्षक आदर्श पाठ देई, मग उमेदवार टाचण लिहून ते तपासून घेई आणि शेवटी वर्गावर उभा राही. सोबत्यांचे काम मात्र निरीक्षणापुरतेच होते. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला का, प्रश्न ठरावीक हुशार मुलांनाच विचारले गेले का, फळ्यावरचे अक्षर सुवाच्य होते का, हे ते टिपत. या पद्धतीने शिस्त आणि नेटकेपणा दिला. पण पाठ एकट्याचा, दोषही एकट्याचे आणि गुणही एकट्याचेच, अशी तिची मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडणारा विचार नागपूरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात पुढे आला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाच्या आधारे मातृभाषेतून शिक्षण, हे तिचे सूत्र. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि पुढच्या वर्षी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम सुरू झाले. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने ते वाहिले. त्याच काळात नागपूरच्या प्रांतिक सरकारात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक यांचा खर्च चालावा, अशी ती योजना होती. तिच्यासाठी लागणाऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्यात उघडले.

वर्ध्याच्या या शिक्षणपद्धतीत, म्हणजे नई तालीममध्ये, पाठाची तयारी एकट्याने करणे अवघडच होते, कारण तिची समवाय पद्धती सगळे विषय एका कामात गुंफते. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलांचा वर्ग घेतला तर हे ध्यानात येते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. गुंडीत किती तारा असा प्रश्न आला की गुणाकार शिकवावा लागतो. तिची लांबी फुटांत काढायची तर उत्तर २,५६० पर्यंत जाते. कापूस कुठल्या जमिनीत येतो यातून भूगोल निघतो आणि वस्त्रोद्योगाच्या ऱ्हासातून इतिहास. हस्तोद्योग, गणित आणि भाषा जाणणाऱ्यांनी एकत्र बसून दिवसाचे काम आखावे, हे या पद्धतीतच अभिप्रेत होते. प्रशिक्षणार्थी सफाई, स्वयंपाक, शेती आणि सूतकताई एकत्र करत, त्यामुळे सहकार्य त्यांच्या रोजच्या जगण्यात होते. १९४५ नंतर नई तालीमची व्याप्ती वाढून तिच्यात पूर्वबुनियादी शिक्षण आले आणि शांता नारुलकर यांनी सेवाग्रामला लहान मुलांच्या शाळेचे काम उभे केले. सोबत्याला परीक्षकाऐवजी सहकारी मानणे हे वर्ध्याच्या प्रयोगाचे मोठे देणे आहे.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतरच्या काळात अध्यापक महाविद्यालयांत दोन नव्या पद्धती रुजल्या. पहिली सूक्ष्म अध्यापन. ही १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. तिच्या भारतीय आराखड्यात एक चक्र ३६ मिनिटांचे असते : ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुन्हा अध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. येथे सोबतीच विद्यार्थी बनतात. एका वेळी प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन असे एकच कौशल्य घोटले जाते. चूक होते ती सोबत्यांपुढे आणि लगेच सुधारताही येते, त्यामुळे मुलांचे नुकसान होत नाही.

दुसरी पद्धत सांघिक अध्यापनाची. तिचा गाजलेला आरंभीचा प्रयोग १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टनच्या फ्रँकलिन शाळेत झाला. तीन-चार छात्राध्यापक एक घटक निवडतात, उद्दिष्टे एकत्र ठरवतात आणि तास वाटून घेतात. नागपूर जिल्ह्यासाठी संत्र्याची बाग हा घटक घेतला, तर एक जण काटोल-नरखेडची जमीन आणि हवामान नकाशावर दाखवील. दुसरा आंबिया आणि मृग या दोन बहारांचे कालचक्र तक्त्यावर मांडील, तिसरा प्रत्यक्ष पान, फूल आणि फळ मुलांच्या हातात देईल, तर चौथा वर्गात फिरून मागे पडलेल्यांना मदत करील. एका शिक्षकाच्या वर्गात जे मूल नजरेआड राहते, ते इथे सुटत नाही. लहान मुलांच्या वर्गात या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. मात्र तयारी एकत्र झाली नाही, तर चौघांचे चार सुटे तुकडे होतात आणि मुले गोंधळतात.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्रशाळांची रचना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख अशी ती रचना. केंद्रातल्या शिक्षकांच्या गटसंमेलनांत, आणि पुढे शिक्षण परिषदांत, एकाने पाठ घ्यायचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करायची ही रीत नोकरीतल्या गुरुजींपर्यंत पोचली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील अनुभवासाठी २० आठवडे ठरवले. सुट्या सरावपाठांच्या जोडीला त्यामुळे सलग छात्रसेवाकाल आला, आणि छात्राध्यापकांचा गट एकाच शाळेत अनेक आठवडे एकत्र काम करू लागला.