धक्का, वखार आणि मालधक्का

बंगळूरच्या पूर्वेकडील कृष्णराजपुरम, म्हणजेच के. आर. पुरम, या परिसरात जहाजे लागतील अशी नदी नाही. १८६४ साली जोलारपेट्टईहून बंगळूर छावणीपर्यंत आलेला लोहमार्ग मात्र येथून जातो, आणि शेजारच्या व्हाइटफील्डला आज कंटेनरांचे मोठे आगार आहे. रेल्वेचा माल जेथे चढतो-उतरतो त्या जागेस मराठीत 'मालधक्का' म्हणतात. मुंबईचा भाऊचा धक्का आठवला की 'धक्का' हा मूळचा पाण्याकाठचा शब्द आहे हे लक्षात येते. तो लोहमार्गापर्यंत पोहोचला, यात एका वास्तुप्रकाराचा इतिहास साठवलेला आहे.

या वास्तुप्रकाराचा व्हिक्टोरियन नमुना लिव्हरपूलला मर्सी नदीच्या काठी उभा आहे. जेसी हार्टली या अभियंत्याने रचलेल्या अल्बर्ट गोदीचे उद्घाटन १८४६ साली झाले. आगीच्या भयामुळे तेथील वखारींच्या रचनेत लाकूड टाळून वीट, दगड व लोखंड यांचा उपयोग केला गेला. ओतीव लोखंडाचे भक्कम स्तंभ पाण्याच्या अगदी कडेला आहेत; त्यामुळे जहाजातील माल थेट वखारीत घेता येई. अलंकरण बेताचेच. जहाज ते मजला हा मालाचा प्रवासच येथे वास्तूचे रूप ठरवतो.

मराठी मुलखाला वखार त्याआधीच परिचित होती. अर्जुना नदीकाठच्या राजापुरातील इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ साली काबीज केली. त्या काळी वखार म्हणजे केवळ कोठार नसून निवास, हिशेब आणि राजकारण यांचे ठाणे होते. मुंबईत एकोणिसाव्या शतकात ही कार्ये विभागली गेली. गोविंद नारायण माडगांवकरांच्या 'मुंबईचे वर्णन' (१८६३) या ग्रंथातील नगरी मोठ्या बंदिस्त गोद्यांपूर्वीची आहे. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस आणि १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. भरती-ओहोटीतील मोठ्या फरकामुळे पाणी दरवाजांनी अडवावे लागे. पाण्यालगतच्या शेडमध्ये माल अल्पकाळ राही. दीर्घ साठवणीची गुदामे वेगळी असत. लिव्हरपूलला एका छपराखाली असलेले काम येथे अंतरावर गेले, आणि ते अंतर हमालाच्या पाठीने भरून काढले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. हार्टलीने भिंतींतून हद्दपार केलेली आग येथे मालातूनच आली, आणि गोदीबाहेरची गुदामे व वस्त्याही तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भराव घालून बुजवण्यात आल्या. लिव्हरपूलच्या वखारी जतन झाल्या व त्यांत संग्रहालये आली. मुंबईच्या बाबतीत बराचसा पुरावा भाषेकडे आहे. 'वखार महामंडळ' या शासकीय नावात राजापूरचा शब्द नांदतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझे वाहणाऱ्या माथ्याला विधिग्रंथात स्थान दिले. वास्तूच्या इतिहासकाराला स्तंभ आणि कमानी मोजता येतात. परंतु त्या दोहोंमधून माल कोणी नेला, हे 'धक्का', 'वखार' आणि 'माथाडी' या शब्दांना विचारावे लागते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ही शब्दसंपदा वास्तूइतक्याच गांभीर्याने वाचली पाहिजे.