एक आडनाव, अनेक वाटा
(पवार या नावाच्या कागदोपत्री शोधाविषयी)

तुकोगंजात राहणाऱ्याला नावांचा गोंधळ नवा नाही. या वस्तीच्या नावात होळकर घराण्यातील तुकोजीराव आहेत. परंतु तुकोजीराव म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न माळव्याच्या इतिहासात पदोपदी उभा राहतो. अहिल्याबाईंच्या काळातील सेनापती तुकोजी होळकर निराळे, १८४४ ते १८८६ या काळात गादीवर असलेले दुसरे तुकोजीराव निराळे, आणि १९०३ ते १९२६ या काळातील तिसरे तुकोजीराव निराळे. इतक्यावर भागत नाही. या तिसऱ्या तुकोजीरावांच्याच काळात, इथून अवघ्या पस्तीस-छत्तीस किलोमीटरांवर, देवासच्या थोरल्या पातीच्या गादीवरही तिसरे तुकोजीरावच होते. ते पवार, त्यांची कारकीर्द १८९९ ते १९३७. ज्या पत्रावर केवळ 'तुकोजीराव महाराज' एवढेच लिहिले आहे, ते कोणाचे हे ठरवायचे झाल्यास आडनावाचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून आडनाव हा भरवशाचा दुवा, असे आपण मानून चालतो. हा भरवसा कोठवर धरावा, याचा विचार पवार या सर्वपरिचित आडनावाच्या निमित्ताने करण्याचे योजिले आहे.

ग्रंथालयात येणाऱ्या सभासदांपैकी कोणी ना कोणी आपल्या घराण्याचे मूळ शोधू इच्छितो. 'आम्ही पवार, म्हणजे धारचे की देवासचे?' या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले असते. ते तपासण्यापूर्वी ग्रंथसूचीत हे नाव सापडणेच किती अवघड आहे, ते पाहू.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात पवारांची सत्ता माळव्यात स्थिरावली. उदाजी व आनंदराव या बंधूंची शाखा धारला नांदली. तुकोजी व जिवाजी या बंधूंनी देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचा पाया घातला. मराठी पत्रांत ही मंडळी 'पवार' अथवा 'पोवार' अशी येतात. इंग्रजी ग्रंथांकडे वळताच मात्र नाव पालटते. सर जॉन माल्कम यांच्या १८२३ सालच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात ते 'पुआर' आहेत. ग्रँट डफ यांच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात तेच 'पोवार' होतात. पुढील सरकारी गॅझेटियरांत 'पोंवार' हेही रूप आढळते. रोमन वर्णानुक्रमाने लावलेल्या खणांत ही कार्डे एकमेकांपासून दूर पडतात. वाचकाने एकच खण उघडला, तर उरलेली सामग्री ग्रंथालयात असूनही त्याच्या दृष्टीस पडत नाही.

यात किताबांची भर पडते. पवारांच्या एका शाखेला 'विश्वासराव' हा किताब होता, व कागदपत्रांत पुष्कळदा तोच नावाप्रमाणे वापरला गेला. काही ग्रंथांच्या बाबतीत तर आडनावाचा खण शोधून उपयोगच नाही. देवासच्या उपर्युक्त तुकोजीराव पवारांचे अत्यंत जिव्हाळ्याचे चित्र रेखाटणारे पुस्तक इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे आहे. १९२१ साली ते महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांचे 'द हिल ऑफ देवी' १९५३ साली प्रसिद्ध झाले. लेखकाच्या नावाखाली ते फॉर्स्टर या खणात जाते, आणि ग्रंथनामात पवारांचा उल्लेखही नाही. विषयाचे कार्ड कोणी जाणत्या ग्रंथपालाने केले असेल तरच वाचक तेथवर पोहोचतो.

आता मूळ गृहीतकाकडे वळू. पवार हे प्राचीन परमारांचे वंशज, ही परंपरा धार-देवासच्या घराण्यांत दृढ होती, आणि तिला भूगोलाचाही पाठिंबा मिळाला. कारण परमारांची राजधानी धारानगरी हीच पवारांचीही राजधानी झाली. धारच्या काशिनाथ कृष्ण लेले यांनी कॅप्टन लुआर्ड यांच्यासह १९०८ साली परमारांवर जे पुस्तक लिहिले, त्याने या जुन्या राजवंशाचा इतिहास शिलालेख व ताम्रपट यांच्या आधारे अभ्यासकांपुढे मांडला. परंतु १३०५ साली माळवा दिल्लीच्या सुलतानाकडे गेला, आणि महाराष्ट्रातील पवार घराण्याचे पुरुष इतिहासात ठळकपणे दिसू लागतात ते सतराव्या शतकात. मधल्या तीनशेहून अधिक वर्षांचे अंतर केवळ नावाच्या साम्याने भरून निघत नाही. घराण्याची परंपरा ही आदराने नोंदविण्याजोगी गोष्ट आहे, कारण ती त्या घराण्याला स्वतःविषयी काय वाटत होते ते सांगते. पण परंपरा परंपरेच्या स्तंभात लिहावी व पुरावा पुराव्याच्या, एवढी शिस्त इतिहास मागतो.

ही शिस्त सामान्य पवारांच्या बाबतीत अधिकच आवश्यक ठरते. हे आडनाव मराठ्यांत आहे, धनगरांत आहे, बौद्ध, बंजारा व पारधी समाजांतही आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात पोवार ही तर स्वतंत्र जातच आहे. भातशेती व तलावांचे पाणी यांत निष्णात असलेल्या या समाजाचे वर्णन रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात 'पंवार' या नावाखाली केलेले आढळते. हे सर्व एका मूळ पुरुषाचे वंशज मानण्यास आधार नाही. कोणी कुळावरून, कोणी धन्याच्या नावावरून, कोणी गावच्या प्रमुख घराण्यावरून नाव घेतले असणे शक्य आहे. समान आडनाव म्हणजे समान रक्त नव्हे.

इंदूरकरांना याचे उदाहरण फार लांब शोधावयास नको. पुण्यश्लोक अहिल्याबाई माहेरच्या शिंदे. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडीचे पाटील. आडनाव तेच, म्हणून कण्हेरखेडच्या, म्हणजे पुढे ग्वाल्हेरच्या, शिंद्यांशी त्यांचा संबंध जोडला तर ती चूक ठरेल. घराणी निराळी, आणि जातही निराळी. माणकोजींचे घर ओळखू येते ते आडनावावरून नव्हे, तर चौंडी या गावावरून व पाटीलकीवरून.

शोधाची खरी किल्ली येथेच आहे. जुन्या कागदांत सामान्य रयतेचे आडनाव फारसे लिहीत नसत. 'अमुक बिन तमुक, मौजे अमुक' अशी नोंद असे. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. लग्नानंतर आडनाव पालटलेल्या स्त्रीचा माग काढावयाचा झाल्यास हा लहानसा 'कोम' शब्दच पुष्कळदा उपयोगी पडतो. म्हणून शोध घेणाऱ्याने प्रथम आपल्या घरातील आजोबा-पणजोबांची नावे, मूळ गाव, कुलदैवत आणि वतन अथवा व्यवसाय यांचे टिपण करावे; आडनावाचा शोध त्यानंतर. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांपैकी गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत निवडून छापलेले भाग आधी पाहावेत, पण त्यांत मुख्यतः सरदार व मुत्सद्दी भेटतात हे ध्यानी ठेवावे. शेतकरी व बारा बलुत्यांची घरे भेटतात ती गावच्या कागदांत, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, उज्जैन येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. तेथे आडनावापूर्वी गाव व जात विचारतात. छापील पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ व दुसरा १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांचा आहे.

शेवटी एक विनंती. जुन्या ग्रंथपालांनी कार्डांवर 'पुआर : पवार पाहा', 'विश्वासराव : पवार पाहा' अशा नोंदी केल्या, त्या मागे वाचन होते, वाचकांच्या प्रश्नांचा अनुभव होता. ग्रंथसूची संगणकावर उतरविताना पुस्तकाचे नाव, लेखक व क्रमांक एवढे घेतले जाते, आणि 'पाहा' अशी नोंद असलेले कार्ड, ज्यावर कोणतेच पुस्तक नाही, ते निरुपयोगी म्हणून बाजूला पडण्याचा धोका असतो. संगणक दिलेले अक्षर शोधतो. 'पुआर' म्हणजे 'पवार' हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी कार्डे शतकभराच्या संग्रहाचाच भाग आहेत. शताब्दीच्या या वर्षी पुस्तकांइतकीच त्यांचीही जपणूक व्हावी.

आणि जे सभासद आपल्या घराण्याचा शोध घेतील, त्यांनी धार-देवासची गादी सापडली नाही म्हणून खंत बाळगू नये. एखाद्या वहीत पणजोबांचे नाव, गाव आणि एका यात्रेची तिथी सापडली, तर तो पुरावा आपल्या घरचा असतो. तो कोणत्याही उसन्या वंशावळीहून मोलाचा आहे.