वीण आणि मोल

'कथेची वीण', 'कादंबरीचा पोत', 'अनुभवाचे धागे' ही रूपके समीक्षेत आम्ही इतक्या सहजतेने योजतो की त्यांच्यामागचे श्रम आमच्या ध्यानातही येत नाहीत. या रूपकांमागे कोणाचे हात होते, हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातील शेटलंडचे उदाहरण बोलके आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील या बेटांवर, विशेषतः अन्स्ट येथे, स्त्रिया सुयांवर जाळीदार लोकरी शाली विणत. मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर न कातरता हाताने उपटून घेत आणि घरीच चरख्यावर कातत. चांगली सहा फूट लांबरुंद शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येई, इतके ते सूत तलम असे. अशा एका शालीत कित्येक महिने जात. शेत, गुरे, स्वयंपाक यांतून उरलेल्या वेळातले हे काम. साधे विणकाम तर पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालताही होई. त्यासाठी एक सुई कमरेच्या चामडी पट्ट्यात खोचलेली असे.

या कलेचे कौतुक पुष्कळ झाले, मोबदला मात्र बहुधा रोख मिळत नसे. व्यापारी विणकामाच्या बदल्यात चहा, कापड असा दुकानातला माल देत. भाडे किंवा धान्य यांसाठी पैसे हवे असलेल्या बाईला तोच चहा शेजारीपाजारी देऊन पीठ मिळवावे लागे. 1872 मध्ये या मालमजुरीची सरकारी चौकशी झाली आणि अनेक विणकर स्त्रियांनी साक्षी दिल्या. 1887 मध्ये कायदा कडक झाला, तरी ही प्रथा विसाव्या शतकातही रेंगाळली.

साहित्याच्या अभ्यासकांनी या साक्षी अवश्य वाचाव्यात, असे आम्हांस वाटते. प्रश्न अधिकाऱ्याचे, लेखणी कारकुनाची. बाईच्या वाट्याला केवळ उत्तर. ते आत्मकथन नव्हे. तरीही किती दिवस लागले, काय मिळाले, रोख मागितली होती काय, या रुक्ष प्रश्नोत्तरांत तिचा हिशेब स्वच्छ उमटतो. संग्रहालयातली शाल तिचे कौशल्य सांगते. त्या कौशल्याचे मोल कसे ठरले, हे साक्षच सांगते.

'वीण' हा शब्द आम्ही यापुढेही वापरू. मात्र वीण घट्ट आहे की सैल, एवढेच विचारून थांबणे आता पुरेसे वाटत नाही. ती कोणी घातली आणि तिच्या हाती काय पडले, हाही समीक्षेचाच प्रश्न आहे.