'इथं', 'असं' आणि 'हे': व्हिडिओतले बोट दाखवणारे शब्द

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याने घर केलं. त्यामुळे इथं मोबाइलवरचा व्हिडिओ करमणुकीपुरता राहिलेला नाही. बिबट्या कुठल्या वस्तीवर दिसला, रात्री पिकाला पाणी द्यायला जाताना काय जपायचं, हे त्यावरूनही घरोघर पोचतं. ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंत यातलं किती पोचतं, हा प्रश्न या भागात जिवाशी जोडलेला आहे.

समजा, एक कार्यकर्ता उसाच्या बांधावर उभा राहून सांगतो, "रात्री इथं असं बसू नका. बिबट्या दिसला तर असं करा. आणि या नंबरवर फोन करा." आता डोळे मिटून हेच ऐका. कुठं? कसं? कोणता नंबर? पडद्यावर तो उकिडवा बसून दाखवतो, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला भक्ष्यासारखा वाटू शकतो. मग उठून दोन्ही हात वर करतो. खाली वनविभागाच्या हेल्पलाइनचा 1926 हा नंबर झळकतो. सूचना तीन, आणि अंध श्रोत्याच्या हाती एकही लागत नाही.

'हा', 'इथं', 'असं' हे शब्द समोर बोट असेल तरच अर्थ देतात. अंगणातल्या, बांधावरच्या, समोरासमोरच्या बोलण्यात त्यांची रेलचेल असते. अंध श्रोत्यांसाठी व्हिडिओला जोडायच्या ध्वनिवर्णनाची व्याख्या इथूनच करावी लागते. चित्रातलं सगळं सांगणं म्हणजे ध्वनिवर्णन नव्हे. नुसत्या आवाजात जी जागा रिकामी राहते, ती भरणं म्हणजे ध्वनिवर्णन. कार्यकर्त्याच्या सदऱ्याचा रंग सांगायची गरज नाही. तो वनरक्षकाच्या खाकी गणवेशात असेल, तर मात्र सांगायलाच हवं, कारण पाहणारा त्या गणवेशावरून त्याच्या शब्दाला वजन देतो.

वर्णनाला जागा मिळते ती दोन वाक्यांमधल्या तीन-चार सेकंदांची, आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'उसातून बाहेर आलेला बिबट्या गोठ्याच्या कुडाला वळसा घालून मागच्या दाराकडे जातो' हे वाक्य संपेपर्यंत तो काय करतो ते कळत नाही. 'बिबट्या उसाबाहेर येतो. गोठ्याकडे वळतो. मागच्या दाराशी थांबतो.' असे तुकडे केले की ऐकणारा पावलागणिक बरोबर राहतो.

याच भागातल्या नाणेघाटाच्या उलट्या धबधब्याच्या व्हिडिओत अडचण वेगळी असते. बोलणं जवळजवळ नसतंच. वारा, संगीत आणि कुणाचं तरी ओरडणं. जागा भरपूर असते, पण क्रम चुकला तर सगळं फसतं. जो वारा ऐकू येतोय, तिथूनच सुरुवात करावी: दरीतून वारा वर येतो; कड्यावरून सुटलेलं पाणी तो उचलतो; तुषार उलटे कड्यावर, उभ्या माणसांच्या तोंडावर येतात. 'अद्भुत' हा शब्द वर्णन करणाऱ्याने उच्चारू नये, तो ऐकणाऱ्याच्या मनात उमटू द्यावा. तिथल्याच लेण्यात कॅमेरा सातवाहन राणी नागनिकेच्या लेखावर थांबला, तर झिजलेली ब्राह्मी अक्षरं भिंतीवर कशी दिसतात ते सांगावं. इतिहासाचं व्याख्यान देण्याची ती वेळ नाही.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीच्या कॅप्शनचं काम याच्या उलट दिशेने चालतं. बोललेले शब्द तर हवेतच, पण 'कुत्र्यांचं भुंकणं अचानक थांबतं' हेही लिहायला हवं, कारण त्या शांततेतच धोका आहे. इथंही वाक्याचं शेपूट घात करतं, कारण मराठी नकार शेवटी येतो. 'मुलांना अंगणात एकटं सोडू' एका कॅप्शनमध्ये आणि 'नका' पुढच्या कॅप्शनमध्ये गेलं, तर मध्ये क्षणभर पडद्यावर अर्धवट आणि उलटा सल्ला राहतो. क्रियापद आणि 'नका' यांची ताटातूट करायची नाही, हा नियम मला कुठल्याही अक्षरमर्यादेपेक्षा मोठा वाटतो. यंत्राने आपोआप केलेली कॅप्शन तशीच सोडू नयेत. आपटाळे, घोडेगाव अशी गावांची नावं माणसाने तपासायलाच हवीत; चुकीच्या गावाचा इशारा धोकादायक ठरतो.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 42मध्ये ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन ही तिन्ही एकत्र येतात, आणि ते योग्यच आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा हातांची असते. लिखित मराठी त्यांना नंतर, कष्टाने येते. कॅप्शन दिली म्हणजे काम झालं असं त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

यातला बराच खर्च आणि खटपट चित्रीकरणाआधीच वाचते. कार्यकर्त्याने तीच तीन वाक्यं बदलून घ्यावीत: "रात्री उसाच्या बांधावर उकिडवं बसू नका. बिबट्या दिसला तर पळू नका, दोन्ही हात वर करून मोठ्याने ओरडा. वनविभागाला फोन करा: एक, नऊ, दोन, सहा." आणि तो नंबर पुन्हा एकदा, सावकाश म्हणावा.