करडू, त्याची आई आणि भांड्यांचे दोन संच

धर्म पाळणाऱ्या यहुदी घरात भांड्यांचे दोन संच असतात, एक मांसाचा आणि एक दुधादह्याचा. पातेली वेगळी, सुऱ्या वेगळ्या, जागा असेल तिथे भांडी घासायचं सिंकही वेगळं. या साऱ्याच्या मुळाशी तोरा या यहुदी धर्मग्रंथातली एक छोटीशी आज्ञा आहे: करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही. निर्गम ग्रंथात ती दोनदा येते, अनुवाद ग्रंथात तिसऱ्यांदा. कारण एकदाही दिलेलं नाही.

ते पुढच्यांनी शोधलं. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याला त्यात निर्दयपणा दिसला. ज्या दुधावर पिल्लानं वाढायचं, त्यातच ते शिजवायचं! बाराव्या शतकातले वैद्य आणि धर्मशास्त्री मायमोनिडीज यांना वाटलं, मूर्तिपूजकांचा असा काही विधी असावा. विसाव्या शतकात सीरियातल्या रास शामराच्या उत्खननात मिळालेल्या एका मृत्पट्टिकेवर तसा विधी वाचल्याचं सांगितलं गेलं, पण पुढे ते वाचन टिकलं नाही. मला फिलोचंच पटतं. गाय आणि वासरू एकाच दिवशी कापू नये, घरट्यातली पिल्लं घेताना पक्षिणीला आधी उडू द्यावं, हेही त्याच तोरात आहे. आईपण तिथे पुन्हा पुन्हा राखलं आहे.

आज्ञा तीनदा का आली, याचं उत्तर तालमूद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथात आहे: एकदा शिजवण्याची मनाई, एकदा खाण्याची, एकदा त्यातून कसलाही लाभ घेण्याची. करडावरून नियम गाईगुरांच्या मांसापर्यंत गेला. खरा वाद पेटला तो कोंबडीवरून. गालीलचे रब्बी योसे यांचं म्हणणं सरळ होतं: पक्ष्याला आईचं दूध असतंच कुठे? त्यांच्या गावात लोक पक्ष्याचं मांस दुधात शिजवून खात. लेवी नावाचे विद्वान योसेफ नावाच्या पारध्याकडे गेले असता त्यांच्यापुढे दुधात शिजवलेलं मोराचं डोकं आलं. ते काही बोलले नाहीत. या लोकांना बहिष्कृत का केलं नाहीस, असं गुरूंनी नंतर विचारलं. तिथल्या रब्बींनी कदाचित योसे यांचं मत शिकवलं असेल, असं लेवींचं उत्तर. मतभेदाचा एवढा मान राखणारी ही परंपरा मला फार मोठी वाटते. शेवटी मात्र कोंबडीही मांसातच धरली गेली.

भांडं चव शोषून घेतं, म्हणून भांडी वेगळी झाली. मटणाच्या रश्श्यात चुकून दुधाचा थेंब पडलाच, तर रस्सा त्याच्या साठपट आहे का, ते बघतात. मटणानंतर दूध किती वेळानं? तालमूदमधले मार उक्वा म्हणतात, वडील मांस खाल्ल्यावर पूर्ण दिवस चीज खात नसत, मी मात्र पुढच्या जेवणाला खातो. पुढे बहुतेकांनी सहा तास धरले, जर्मनीकडच्यांनी तीन, हॉलंडमध्ये एकच.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांत हा नियम नारळामुळे सुखाचा झाला. मटणाच्या रश्श्याला नारळाचं दूध, आणि रोश हशाना या नववर्षाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्याच दुधातला. मटणाचं जेवण झाल्या झाल्या तो खुशाल खाता येतो.